‘सुटली’ आणि ‘सोडली’

प्रिय ईशान आणि रेवा,

दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या कामाविषयी काही लिहा’ असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी एकच अट घातली. लिहीन, पण नातवंडांना पत्र म्हणून लिहीन. वाचकांनी शेजारी बसून ऐकलं तर माझी हरकत नाही. त्यांनी मान्य केलं. तेव्हा हे पत्र तुमचं आहे. तुमचा बाबा ते तुम्हाला वाचून दाखवील, अडेल तिथे समजावून सांगेल. एका ठिकाणी तो स्वतःच अडेल, कारण ही हकिगत मी त्यालाही कधी सांगितलेली नाही.

मागच्या थंडीत ईशानने व्हिडिओ कॉलवर ओरडून विचारलं होतं, “आजी, तू हॉल ऑफ फेममध्ये काम करायचीस?” त्याच्या मागच्या भिंतीवर तोंड रंगवलेल्या, चकचकीत चड्डी घातलेल्या कुस्तीगिराचं मोठं चित्र होतं. मी हो म्हटलं आणि त्याच्या लेखी माझा भाव एकदम वधारला. मग त्याने विचारलं, “तू कधी हरलीस का?”

“अरे, मी कुस्ती खेळत नव्हते. मी नुसतं लिहायचे.”

“मग लिहिण्यात कधी हरलीस?”

मी विचारलं, जेवलात का? रेवाचं नाक वाहतंय का? विषय बदलला. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. त्याचं उत्तर देण्यासाठी हे लिहिते आहे.

लोणावळ्याच्या बाजारामागे चिक्कीच्या एका कारखान्याचं जुनं गोदाम आहे. तिथे आमचं दालन होतं: ‘मावळ मल्ल गौरव दालन’. भिंतींत गुळाचा वास इतका मुरलेला, की पावसाळ्यात पैलवानांच्या फोटोंमागून मुंग्यांच्या रांगा निघायच्या. कारखान्याच्या मालकांना सगळे दादासाहेब म्हणत. ते स्वतः कधी आखाड्यात उतरले नव्हते, पण लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी खूप कुस्त्या पाहिल्या होत्या. मावळात एक काळ असा होता, की काही माणसं गावोगावच्या जत्रांत बक्षिसाच्या कुस्त्या करून घर चालवायची. बक्षीस म्हणजे फेटा, चांदीचं कडं, कधी एखादा बोकड. अंग थकलं की ती परत भातशेतीत जायची आणि लोक त्यांना विसरायचे. अशांचे फोटो आणि नावं एका जागी असावीत, एवढीच दादासाहेबांची इच्छा होती.

मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. दादासाहेबांच्या मुली माझ्या विद्यार्थिनी. ते म्हणाले, “बाई, पैलवान मला कळतात, शुद्धलेखन कळत नाही. तेवढं तुम्ही बघा.” मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण फायली लावणं, याद्या करणं, अक्षर सुबक काढणं हे माझे आवडीचे विषय. मी हो म्हटलं आणि अकरा वर्षं राहिले.

आमच्याकडे येणारे निम्मे लोक पावसापासून आडोसा शोधत येत. छत्र्या निथळत ठेवून विचारत, “शो किती वाजता आहे?” शो नाही म्हटलं की त्यांचे चेहरे पडायचे. एका गृहस्थांनी फोटोसाठी दारातली गदा खांद्यावर घेतली आणि त्यांची पाठ जी धरली ती सुटेना. आमचे बबनराव त्यांना पालथं झोपवून चोळत बसले. गृहस्थ कण्हत म्हणाले, “ही खरी आहे हो!” बबनराव म्हणाले, “मग काय, चिक्कीची आसंल व्हय?”

या बबनरावांची नीट ओळख करून देते. ते मळवलीचे. दालनाची झाडलोट, निरोप पोचवणं, कुलूप-किल्ली, सगळं त्यांच्याकडे. तरुणपणी त्यांनीही लहान जत्रांत कुस्त्या केल्या होत्या. त्यांचा डावा कान घासून घासून पुरीसारखा फुगला होता. दालनाच्या मधोमध लाकडी चौकटीत आखाड्याची लाल माती ठेवलेली होती, लोकांना दाखवायला. ती माती म्हणजे बबनरावांचा जीव. ताक, हळद, लिंबू, तेल घालून ते ती दर आठवड्याला खालीवर करत. मी म्हणायचे, “बबनराव, इथे कोण कुस्ती खेळणार आहे?” ते म्हणायचे, “बाई, माती न्हाई हलवली तर मरती.”

सन्मान मिळालेले पैलवानही काही कमी नव्हते. एक जण घरून टेप घेऊन आला आणि त्याने सिद्ध केलं, की त्याचा फोटो त्याच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या फोटोपेक्षा चार बोटं खाली आहे. बबनराव हातोडी घेऊन स्टुलावर चढले. “आता सांगा भाऊ, कुटं ठोकू?” पैलवानाने बराच विचार केला. “त्याच्या वर नगं. त्यानं मला दोनदा पाडलंय, लोकं हसतील. पण खालीबी नगं.” शेवटी दोघांना समोरासमोरच्या भिंतींवर लावलं. अजून ते दिवसभर एकमेकांकडे बघत असतात.

आता कामाची पद्धत. गावाहून अर्ज यायचा. सोबत दोन जुन्या पैलवानांची साक्ष लागायची. मग तो माणूस स्वतः येऊन मला आपल्या कुस्त्या सांगायचा, मी टिपून घ्यायचे. त्यातून फोटोखालच्या पितळी पाटीचा मजकूर तयार करायचा. पाटीवर चाळीस शब्द मावत. एका माणसाचं सगळं आयुष्य चाळीस शब्दांत. मला याचा फार अभिमान होता. शाळेत मी मुलांना सारांश लिहायला शिकवत असे. हे त्याचंच मोठं रूप, असं मला वाटे.

माझ्या पहिल्याच वर्षी आंदर मावळातून खंडूआबा आले. तेव्हाच त्यांची सत्तरी उलटली होती. त्यांच्या गावाला एसटी दिवसातून दोनदा जाते, ती चुकली की चालत. ते खुर्चीवर बसले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले आणि एका दमात चौदा-पंधरा कुस्त्या सांगितल्या, कोणता डाव टाकला, कुणाला कसं चीत केलं. शेवटी एका मोठ्या पैलवानाबरोबरची कुस्ती सांगताना त्यांचा आवाज खाली आला.

“दीड घटका न्हाई, दीड तास धरली बाई. दिस बुडाला. कुस्ती सुटली.”

मी लिहिलं: कुस्ती सुटली.

“बाकीचं ऱ्हायलं तरी चालंल,” ते म्हणाले. “पण तेवढं ल्ह्या. कुस्ती सुटली म्हून ल्ह्या. गावात लोकं कायबाय बोलत्यात.”

लोक काय बोलतात, हे मी विचारलं नाही. पुढचा माणूस दारात थांबला होता आणि माझ्या यादीप्रमाणे मला पंधरा मिनिटं उशीर झाला होता.

मजकूर लिहायला बसले तेव्हा ते वाक्य मला खटकू लागलं. ‘दीड तास झुंजून कुस्ती सुटली.’ गाठ सुटते, गाडी सुटते, शाळा सुटते. कुस्ती आपोआप कशी सुटेल? तीस वर्षं मी वर्गात एकच गोष्ट घोकून घेतली होती, की वाक्यात करणारा दिसला पाहिजे. ‘काच फुटली’ म्हणणाऱ्या मुलाला मी विचारायचे, “आपली आपण फुटली? करणारा कुठे आहे?” मग तो मान खाली घालून ‘मी काच फोडली’ म्हणायचा, आणि मला वाटायचं, याला इंग्रजी आलं आणि थोडा प्रामाणिकपणाही आला. तशीच लाल पेन्सिल घेऊन मी खंडूआबांचं वाक्य सुधारलं. ‘दीड तास झुंजून कुस्ती सोडली.’ दोन अक्षरं इकडची तिकडे. वाक्य ताठ उभं राहिलं, असं मला वाटलं.

मजकूर बाजारातल्या कोरणाऱ्याकडे न्यायचं काम बबनरावांचं. त्यांनी दारातच कागद उघडून वाचला आणि परत फिरले.

“बाई, हितं ‘सोडली’ पडलंय.”

“पडलं नाही, मी लिहिलंय.”

“‘सुटली’ पायजे.”

“आपोआप सुटली का बबनराव? कुणी तरी सोडली असेल ना? करणारा नको का?”

“करणारे पंच आसत्यात, बाई. पंच सोडवत्यात.”

“पंच चाळीस शब्दांत मावत नाहीत.”

ते हसले, पण हलले नाहीत. “न्हाई म्हंजी, आबांस्नी एकदा इचारलं आसतं तर…”

“बबनराव,” मी म्हणाले, “पैलवानी तुमची, व्याकरण माझं.”

ते कागद घेऊन गेले.

समारंभाला खंडूआबांच्या गावाहून दोन जीप भरून माणसं आली. आबांच्या पत्नी हौसाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नवं कोरं नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, हात मांडीवर. आबांच्या डोक्याला दादासाहेबांनी फेटा बांधला. पडदा सरकवला. त्यांच्या गावचे उपसरपंच पुढे झाले आणि त्यांनी पाटी मोठ्याने वाचायला घेतली. शेवटच्या वाक्यावर ते जरा थबकले, पण वाचून टाकलं.

मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, “घ्या! पितळंवरच आलं की!”

दुसरा म्हणाला, “मंग? बैलं काय उगंच आलती?”

हशा झाला. फार मोठा नव्हे, दहा-बारा माणसांचा. हौसाबाई वळून बघत राहिल्या. मला काहीच कळलं नव्हतं. मी हसणाऱ्यांकडे शाळेतल्या सवयीने डोळे वटारून पाहिलं.

खंडूआबा पाटीपाशी गेले. त्यांना सावकाश वाचता येत होतं. शेवटच्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं आणि तसेच उभे राहिले. मग डोक्यावरचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि माझ्याकडे आले.

“बाई, तुमी मास्तरीण. तुमी ल्हिलं म्हंजी खरंच आसंल.”

एवढं बोलून ते आणि हौसाबाई बाहेर पडले. जेवायला थांबले नाहीत.

खुर्च्या आवरताना बबनरावांनी मला सगळं सांगितलं. कुस्ती ‘सुटली’ म्हणजे पंचांनी दोघांना समसमान ठरवून वेगळं केलं. त्यात मान आहे. कुस्ती ‘सोडली’ म्हणजे जिंकता येत असताना मुद्दाम हात सैल केला. कुस्ती विकली. पैलवानाला याहून मोठी शिवी नाही. त्या दिवशी दिवस बुडताना तो मोठा पैलवान आबांच्या खाली होता आणि निसटला. त्याच हंगामात आबांच्या दारात नवी बैलजोडी आली. ती हौसाबाईंच्या वडिलांनी दिली होती. पण गावाने म्हटलं, ही त्या पैलवानाच्या माणसांनी दिली. चाळीस वर्षं गाव कुजबुजत होतं. ती कुजबुज मिटावी म्हणूनच आबांनी अर्ज केला होता.

“आणि आपुन तीच कोरली,” बबनराव म्हणाले. ते ‘आपण’ म्हणाले. ‘तुम्ही’ म्हणाले नाहीत.

मुलांनो, इथपर्यंतची चूक अज्ञानाची होती. तेवढीच असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादासाहेब माझ्या टेबलासमोर उभे राहिले. बबनराव दारात होते. दादासाहेबांनी चढ्या आवाजात विचारलं, “हे कुणी केलं?”

मी काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द आठवतं. “मजकूर तयार झाल्यावर बबनरावांनी तो कोरायला नेला. तिथे कुठे तरी चूक झाली असावी.”

पहिलं वाक्य खरं होतं. दुसऱ्यात करणारा नव्हता. ‘चूक झाली.’ काच फुटली.

दादासाहेब बबनरावांकडे वळले. “काय रे, वाचून बघितला नाहीस?”

बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातली पेन्सिल पाहत होते. “बघितला व्हता, दादासायेब.”

“मग?”

“मग… ऱ्हायलं.”

आठ दिवसांत ‘कुस्ती बरोबरीत सुटली’ अशी नवी पाटी लागली. बबनरावांना कारखान्यात पाठवलं, चिक्कीच्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायला. पगार तोच होता. मी स्वतःला ते अनेकदा सांगितलं, की पगार तोच आहे. खंडूआबांना मी दालनाच्या कागदावर सुरेख अक्षरात पत्र पाठवलं: ‘अनवधानाने चूक झाली, त्याबद्दल दिलगिरी आहे.’ उत्तर आलं नाही. नवी पाटी बघायला या, असं दोनदा कळवलं. आंदर मावळातून कुणी आलं नाही. गावाने जी पाटी ऐकली होती, ती पहिलीच.

ती पहिली पाटी मोडीत घालायला सांगितली होती. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली आणि कपाटात साड्यांखाली ठेवली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पुरावा नष्ट करायला आणली की जपायला, हे आजही पक्कं माहीत नाही.

त्या वर्षापासून मी एक नियम घातला. कोरण्यापूर्वी मजकूर त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. या नियमाचं फार कौतुक झालं. मी कुस्तीचे शब्द शिकले. जोड म्हणजे लढणारे दोघे, निकाली म्हणजे हार-जीत ठरलेली कुस्ती, नुरा म्हणजे आधीच संगनमताने ठरवलेली. पुढे पत्रकार मला विचारायला येऊ लागले. चौकटीतली माती मात्र मरत गेली. मी पुस्तकात बघून ताक घातलं, हळद घातली. तिला भेगा पडल्या आणि पुढे ती विटेसारखी झाली. पर्यटक तिच्यावर नाणी टाकू लागले.

मी दालनातून निवृत्त झाले तेव्हा दादासाहेबांनी भाषण केलं. म्हणाले, “सुरुवातीला आमच्या एका माणसाच्या हलगर्जीपणाने एका पैलवानाचा अपमान झाला. पण बाईंनी असा नियम घातला, की पुन्हा एक अक्षर चुकलं नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारखान्यातली जुनी माणसं बोलावली होती, त्यांत शेवटच्या रांगेत बबनराव होते. तेही टाळ्या वाजवत होते. मी उठून उभी राहिले, हात जोडले आणि बसले. एवढं केलं. तेव्हाही बोलले नाही.

मग ईशानचा फोन.

फाल्गुनात एका सकाळी मी ती पाटी पिशवीत घातली आणि लोकलने एक स्टेशन पुढे मळवलीला गेले. बबनराव आता एका बंगल्याची राखण करतात. नळीने हिरवळीला पाणी घालत होते. मला पाहून त्यांनी नळी खाली टाकली आणि धोतराला हात पुसले. मी उभ्या-उभ्याच पाटी काढली आणि जे सांगायचं ते सांगितलं.

“मला ठाव हाय की, बाई,” ते म्हणाले.

“तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुमी बोलशाल म्हून वाट बघितली.” ते नळी पुन्हा उचलत म्हणाले, “पैल्या वर्सी लय बघितली. मंग जरा कमी.”

मी तिथल्या पायरीवर बसले. त्यांच्या सुनेने चहा आणला. मी म्हणाले, बबनराव, माफ करा. ते म्हणाले, “माजं जाऊ द्या. चूक काय मला वाचून दावली व्हती? ज्याच्या म्होरं वाचली त्याच्या म्होरं चला. चैत्रात तितं भैरवनाथाचा उत्सव आसतो. आखाडा आसतो. समदं गाव आसतं.”

म्हणून या चैत्रात आम्ही दोघे आंदर मावळात गेलो. बबनरावांच्या पुतण्याची जीप होती. वाटेत त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला इतकी वर्षं माहीत नव्हती. खंडूआबा पूर्वी दर उत्सवात पंच म्हणून आखाड्यात उभे राहत. पाटीच्या पुढच्या वर्षी कुणी तरी म्हणालं, “ज्यानं कुस्ती सोडली त्यो पंच कसा?” तेव्हापासून ते आखाड्याकडे फिरकले नाहीत.

आम्ही आधी त्यांच्या घरी गेलो. आबा अंगणात बाजेवर बसले होते. अंग सुकलेलं, पण मान ताठ. ओसरीच्या भिंतीवर हौसाबाईंचा फोटो होता आणि त्याला हार. तीन वर्षं झाली, म्हणाले. मी पाटी त्यांच्यापुढे धरली आणि सांगू लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“मला काय सांगता? मी काय केलं आन् काय न्हाई, मला ठाव हाय. तितं सांगा.”

“तुम्ही चला ना, आबा.”

“मी कशाला? कर्णा हितवर ऐकू येतो.”

आखाडा दोन शेतं पलीकडे होता. हलगी वाजत होती. माणसं कडेने दाटून बसली होती, काही झाडांवर चढली होती. बबनराव पंचांच्या कानाशी लागले. दोन कुस्त्यांच्या मध्ये एकाने माझ्या हातात माइक दिला आणि कर्ण्यावरून सांगितलं, “लोणावळ्याच्या म्याडम दोन शब्द बोलत्याल. गप बसा!” बक्षीस जाहीर होणार म्हणून लोक गप्प झाले.

मी घरून कागदावर लिहून नेलं होतं. अर्थात चांगल्या अक्षरात. वाचायला सुरुवात केली. “बारा वर्षांपूर्वी आमच्या दालनाकडून एक चूक झाली…”

खाली मातीच्या कडेला बबनराव बसले होते. त्यांनी मान वर केली आणि हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं विचारलं, “कुणाकडनं, बाई?”

मी कागदाची घडी घातली.

“मी चूक केली,” मी म्हणाले. “खंडूआबा पैलवान मला म्हणाले होते, कुस्ती सुटली. मी लिहिलं, सोडली. मला कुस्तीतलं काही कळत नव्हतं. या बबनरावांनी मला सांगितलं होतं, शब्द चुकलाय. मी ऐकलं नाही. मालकांनी विचारलं तेव्हा मी यांच्यावर ढकललं. आबांनी कुस्ती सोडली नाही. बैलजोडी हौसाबाईंच्या माहेरची. सोडली असेल तर मी सोडली.”

माझा आवाज कर्ण्यातून डोंगरावर जाऊन परत येत होता. ‘सोडली’ हा शब्द दोनदा ऐकू आला. कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारा म्हणाला, “आता सांगती व्हय!” दुसरा म्हणाला, “गप रं, सांगितलं तर खरं.” मागून एक पोरगा ओरडला, “म्होरली जोड सोडा!” आणि हलगी पुन्हा सुरू झाली. माझी सगळी शिक्षा दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात बसली.

आम्ही परत अंगणात आलो. बबनरावांनी आखाड्यातली मूठभर माती आणली होती. त्यांनी ती आबांच्या तळहातावर ठेवली. आबांनी ती नाकाशी नेली, वास घेतला.

“ऐकू आलं का, आबा?” मी विचारलं.

“आलं.” ते फोटोकडे बघत होते. “हिनं ऐकाय पायजे व्हतं. बैलं हिच्या बापाची. पान्यावर गेली की बाया हिला बैलावरनं बोलायच्या. मला तोंडावर कोन बोलनार?”

मी पाटी त्यांच्या बाजेवर ठेवायला गेले. त्यांनी ती सरकवून दिली.

“हितं नगं. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या.”

मग त्यांनी माझा उजवा हात ओढला आणि तळव्यावर ती माती ठेवली. कुस्तीआधी पैलवान समोरच्याच्या हातावर अशी माती देतात, एवढं मला तोवर कळत होतं. तो निरोपही नव्हता आणि माफीही नव्हती.

“बाई, आपली आजून सुटली न्हाई. फुडच्या चैत्रात या. परत सांगा.”

“पुन्हा तेच?”

“लोकं दरसाल बोलली. तुमी एकदा बोलून कसं भागंल?”

मी म्हणाले, “येईन, आबा. तुम्ही आहात तोवर दर वर्षी येईन.”

त्यांनी मान हलवली. “मी हाय तवर न्हाई. तुमी हायसा तवर.”

तेव्हा मुलांनो, चैत्रात मला फोन करू नका, मी आंदर मावळात असेन. पाटी आता कपाटात नाही, टेबलावर आहे. तुम्ही याल तेव्हा वाचा. वाक्य बरोबर आहे, फक्त वरचं नाव चुकलं आहे. एखाद्या वर्षी माझे पाय चालेनासे झाले आणि तुम्ही इकडे असलात, तर बबनरावांना विचारून तुम्ही तिथे जा. फार बोलावं लागत नाही. ईशान, तुला मराठी अवघड जातं, म्हणून वाक्य लिहून देते, पाठ कर. तीनच शब्द आहेत.

आजीने चूक केली.

तुमची आजी